नवसाला सोडलेली घोंगडी

आत्या,

काल मणक्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नातवाच्या वयाचा मुलगा आहे. त्यानं माझ्या पाठीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "आजी, गादी सोडा आता. जमिनीवर एखादी घोंगडी टाका आणि तिच्यावर झोपा. पाठ सरळ राहील." मला एकदम हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. घरात घोंगडी नसेल तर जतकडचे पेशंट येतात, त्यांना सांगून एक चांगली मागवून देतो, असंही वर म्हणाला. भला मुलगा आहे, त्याचा काय दोष? पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत रिक्षात मी तुमच्याशी भांडत होते. रिक्षावाल्यानं दोनदा मागं वळून पाहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायला मला अजून तयारी करावी लागत नाही.

आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत, तेव्हा माझ्या हट्टाचा अर्धा दोष तुमच्याकडे जातो. लग्न होऊन मी वाईला गेले, वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला, आणि साताऱ्याच्या आपल्या बिऱ्हाडात मी परत आले, तेव्हा माझं वय मॅट्रिकला बसायचं होतं. तात्यांनी बाप म्हणून एवढं एक केलं की माझ्या केसांना हात लावू दिला नाही. लोकांनी बोलून पाहिलं, तात्या ऐकेनात. बहिणीपुढं ते आयुष्यात एकदाच ताठ उभे राहिले, आणि तेवढ्यानंच दमले. बाकी सगळं त्यांनी तुमच्यावर सोडलं. तुम्ही स्वतः बाराव्या-तेराव्या वर्षापासून विधवेच्या लाल आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. तुम्हाला नियम कुणाला विचारावे लागत नव्हते. माझी गादी गुंडाळून तुम्ही माळ्यावर टाकलीत, उशी तिच्या पोटात कोंबलीत, आणि माझ्यापुढं एक काळी घोंगडी ठेवलीत.

नवी घोंगडी होती. चिंचोक्याची खळ दिलेली, नुसती धरली तरी कडक लागत होती. अंगाला टोचायची, पावसाळ्यात मेंढराचा वास मारायची. मी रडत होते, आणि तुम्ही म्हणालात, "घोंगडीला विटाळ नाही बघ. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. घोंगडीसारखं सुख कशात नाही." हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात! मी कूस बदलली की म्हणायचात. मी सकाळी पाठ चोळली की म्हणायचात. शेजारची कुणी माझ्याकडे पाहून चुकचुकली, तर तिलाही तेच ऐकवायचात. तुमच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलं, की पुढं ते तुमच्याच गळ्यात घालायची वेळ आली तेव्हा मला एक अक्षरही आठवावं लागलं नाही.

माझ्या लग्नाची लुगडी तुम्हाला वाटून टाकायची होती. रीतच ती. विधवेची रंगीत लुगडी भाचीला, चुलत बहिणीला, कुणाकुणाला देऊन टाकायची. तुम्ही ट्रंक ओढलीत आणि मी तिच्यावर जाऊन बसले. नुसती बसून राहिले. जेवायलासुद्धा उठले नाही. तुम्हाला वाटलं, पोरगी दुःखानं बसलीय; आज राहू दे, उद्या बघू. तिथंच तुम्ही चुकलात, आत्या. मी दुःखानं बसले नव्हते. ती लुगडी माझी होती म्हणून बसले होते. पुढं तुम्ही दुपारी देवळात पुराणाला गेलात की मी कात्री घ्यायची. पिवळी अष्टपुत्री, हिरवं काठाचं, डाळिंबी इरकली, सगळं फाडून, मध्ये तात्यांची विरलेली धोतरं घालून मी गोधडी शिवली. कोपऱ्यांना हिरव्या चोळीच्या खणाचे त्रिकोण लावले. पुराण संपायच्या आत ती माळ्यावर, माझ्याच गुंडाळलेल्या गादीच्या पोटात जायची. बाहेरच्या खोलीत तात्या आरामखुर्चीत बसलेले असत. कात्रीचा आवाज त्यांना येत होता. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग तात्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी मान हलवली, त्या संध्याकाळी तुम्ही दत्ताच्या तसबिरीपुढं पदर पसरून म्हणालात, "माझ्या भावाला उठव. आम्ही दोघी सुखाचं अंथरूण सोडून पायी वाडीला येऊ." आम्ही दोघी! मला विचारलं कुणी? पण तात्या उठले. मऊ भात खाऊ लागले. आणि मार्गशीर्ष जवळ आला तशी तुम्ही नरसोबाच्या वाडीची भाषा सुरू केलीत. ते बेचाळीसनंतरचे दिवस. आपल्या जिल्ह्यात कुठं रूळ उखडलेले, कुठं कचेरी जाळलेली. भूमिगत पोरं उसात लपायची आणि पोलीस वाटेवरच्या कुणाचीही गाठोडी सोडून बघायचे. आळीतली शहाणी माणसं म्हणाली, यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही म्हणालात, "देवानं माझ्या भावाला पुढच्या वर्षी बघू म्हटलं नाही." दत्तजयंतीला पोचायचं म्हणून आळीतली आठ-दहा माणसं निघायची ठरली, आणि आपल्याकडं दूध घालणाऱ्या पाटलीणबाई. त्यांचा मुलगा पलटणीत होता, समुद्रापलीकडं कुठं तरी लढत होता, त्याच्यासाठी त्यांचा नवस.

गाडी-बैल काही नव्हतं. ज्याचं ओझं त्यानं उचलायचं. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी आपल्या ओट्यावर एकच चर्चा: अंथरूण काय घ्यायचं. तुम्हाला आठवतंय ना? भजनी बुवा म्हणाले, मी सतरंजी घेईन, गादीची सवय असलेल्या माणसाला सतरंजी म्हणजे तपच. वाण्याची बायको म्हणाली, मी उशी सोडली. पाटलीणबाई म्हणाल्या, "म्या माजी वाकळ सोडली बगा. पोतं घिऊन येनार. पोरगं चिखलात निजतंय, मला वाकळ कशाला?" सगळ्यांनी आपापलं काय सोडलं ते सांगितलं आणि तुम्ही मान डोलावत होतात. मग तुम्ही आपल्या दोघींचं सांगितलंत: "आमचं काय, एकेक घोंगडी. अर्धी खाली, अर्धी वर, उशाला शिध्याची पिशवी." सगळे म्हणाले, वा. आणि मी दारात उभी राहून विचार करत होते, की ह्यात मी काय सोडलं? प्रत्येकानं घरी जे आहे ते सोडून खालचं घेतलं. माझ्या घरी जे आहे तेच मी वाटेवर घेऊन निघाले, तर देवाला दिलं काय? बुवांचं वाडीपर्यंतचं तप मी रोज घरी बसून करतेच आहे, आणि त्याला कुणी तप म्हणत नाही.

आजही मला ह्या हिशेबात चूक सापडत नाही. आयुष्यभर उलटसुलट करून पाहिला. नवस अंथरूण सोडायचा होता. माझं अंथरूण घोंगडी. तेव्हा घोंगडी सोडायची आणि माझ्याकडं दुसरं जे आहे ते घ्यायचं. दुसरं माझ्याकडं एकच होतं. तुम्ही नदीवर गेलात तेव्हा मी माळ्यावरून गोधडी काढली, घोंगडी पसरून तिच्यात ती घातली आणि घट्ट वळकटी बांधली. तात्या खाटेवर पडून बघत होते. घोंगडीच्या टोकातून हिरवा त्रिकोण बाहेर आलेला त्यांना दिसला. तो मी आत ढकलेपर्यंत त्यांनी पाहिलं आणि मग कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. तात्यांची मदत अशीच असायची. साताऱ्यापासून इतकं लांब जायचं की मला कुणी परत पाठवू शकणार नाही, आणि मग तुमच्यादेखत ती पसरायची, असा माझा बेत होता. चोरून वापरायची नव्हती मला. हे तुम्ही कधीच मान्य केलं नाहीत, म्हणून पुन्हा सांगते.

पण बेत माझ्या हातात राहिला नाही. उंब्रजच्या अलीकडं, पुलाशी, पोलिसांनी आपल्याला अडवलं. एक जमादार बाकड्यावर बसलेला आणि एक शिपाई वळकट्या सोडून बघत होता. बुवांची सतरंजी झटकली, पाटलीणबाईंचं पोतं उलटं केलं. माझी वळकटी त्यानं हातात घेतली आणि वजन करून पाहिलं. "लय जड हाय. ह्यात काय हाय, बाई?" मी म्हणाले, "अंथरूण." त्यानं दोरी सोडली आणि घोंगडी रस्त्यावर फेकल्यासारखी उलगडली. भर दुपारी, सगळ्या आळीच्या समोर, माझी गोधडी धुळीत पसरली. पिवळं, हिरवं, डाळिंबी. पाटलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. शिपाई माझ्या पांढऱ्या लुगड्याकडं बघे, गोधडीकडं बघे. जमादार उठून आला. "ही लगनाची लुगडी दिसत्यात. तुमच्यापाशी कशी? कुणाचं सामान वाहताय?" त्या दिवसांत असल्या प्रश्नाचा शेवट चौकीत व्हायचा. मी म्हणाले, माझी आहेत. तो म्हणाला, "तुमची? तुमाला बगून तर वाटत न्हाई."

आणि तुम्ही पुढं झालात. तुम्हाला त्या गोधडीचा पत्ता नव्हता, पण लुगडी तुम्ही बघताक्षणी ओळखली होतीत. पुरुषमाणसाशी रस्त्यात कधी न बोलणाऱ्या तुम्ही, त्या जमादाराच्या समोर उभ्या राहून म्हणालात, "तिचीच आहेत. ते पिवळं मी नेसवलं होतं तिला, ह्या हातांनी. हिरवं चुडा भरताना. नवरा गेला तिचा. आणखी काय विचारायचंय?" जमादारानं मान खाली घातली. "जावा, आक्का," म्हणाला, आणि गोधडीची घडी घालायला स्वतःच वाकला. तुम्ही त्याला हात लावू दिला नाहीत. मला म्हणालात, "उचल." तेवढंच. त्यानंतर नदी ओलांडेपर्यंत तुम्ही भराभर पुढं चालत राहिलात, आणि मला कळत होतं की आता बोलणी येणार.

पलीकडच्या काठावर, वडाखाली, तुम्ही थांबलात. बाकीचे पुढं गेले. पाटलीणबाई मात्र चपलेतला खडा काढायचं निमित्त करून मागं रेंगाळल्या. तुम्ही म्हणालात, "नवस सुखाचं अंथरूण सोडायचा होता. तू सुखाचं अंथरूण घेऊन निघालीस. भावाच्या जिवाशी खेळतेस?" मी म्हणाले, "तुम्हीच म्हणता ना, घोंगडीसारखं सुख कशात नाही? मग मी घोंगडी सोडली. वाहतेय, पण वापरणार नाही. सुखाचं तेच होतं माझ्याकडं." आणि तुम्ही भडकून बोलून गेलात, "घोंगडीत कसलं आलंय मेलं सुख, की ती सोडायची!" बोललात आणि थांबलात. तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट तुम्ही रागाच्या भरात मला सांगून टाकली होतीत, आणि ती आता परत घेता येत नव्हती. मला त्या क्षणी जिंकल्याचा आनंद झाला. लाज वाटायला हवी होती असं पुढं पुष्कळांनी मला सुचवलं. वाटली नाही.

दुसरी कुणी असती तर रडली असती, किंवा माझ्या मुस्कटात मारली असती. तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "बरं. सुख असेल तर दोघींचंही सुटलं. मीही घोंगडी अंगाखाली घेणार नाही." मी म्हणाले, मग तुम्ही कशावर निजणार? "जमिनीवर. ती कुठं जात नाही." पाटलीणबाई लंगडत पुढं आल्या. "आवं आक्का, मार्गेसर हाय. नदीकाटाला गारठून मरशीला. पोरीनं आसं म्हटलं म्हून आसं करत्यात व्हय?" तुम्ही चालायला लागला होतात. आणि तिथून पुढं वाडीपर्यंत, त्या थंडीत, आपण दोघी एकेक जाडजूड घोंगडी डोक्यावर वाहत चाललो आणि दोघींपैकी एकीनंही ती पांघरली नाही. वाटेवरचे लोक विचारायचे, ही बाई जवळ घोंगडी असून का कुडकुडते? पाटलीणबाई सांगायच्या, "नवस हाय बाबा. इचारू नगंस."

मी गोधडीत झोपले. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. तुम्ही शेजारी उघड्या जमिनीवर, लुगड्याचा पदर पायावर ओढून, आणि मी लग्नाच्या लुगड्यांत, मऊ. झोप लागत नव्हती असं सांगितलं तर तुमच्या मनाला बरं वाटेल, पण झोप लागली. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीला काही टोचत नव्हतं. कऱ्हाड मागं पडल्यावर एका गुऱ्हाळावर मुक्काम पडला, पाटलीणबाईंच्या माहेरच्या नात्यातलं. तिथं त्या तुम्हाला हाताला धरून चुलवाणाजवळ घेऊन गेल्या. कढईखाली जाळ होता, भोवतालची माती तापलेली. म्हणाल्या, "हितं निजा. जमीनच हाय. आता ती ऊन हाय ह्यात तुमचा काय गुन्हा?" तुम्ही माती हातानं चाचपून पाहिलीत, बराच वेळ विचार केलात, आणि देवाची इच्छा असेल तर मी कोण, असं म्हणून आडव्या झालात. सकाळी गुऱ्हाळावरच्या बायकांनी तुम्हाला उसाचा रस दिला. तुम्ही तो सोवळ्यात बसतो की नाही ह्याचाही विचार केलात आणि मग दोन तांबे प्यालात. त्या दिवशी औदुंबरच्या वाटेवर तुम्ही अभंग म्हणत होतात. आपलं भांडण चालू होतंच, पण तुमचा गळा चांगला होता हे मला कबूल करावंच लागलं.

सांगलीला नदीकाठच्या धर्मशाळेत तुम्हाला खोकला सुरू झाला. मी विचारलं, घोंगडी घ्याल का? तुम्ही विचारलंत, तू घेशील का? मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग झालं तर. दोघींपैकी एकीनं जरी मान वाकवली असती तर दुसरीही सुटली असती, हे दोघींना कळत होतं. पाटलीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एकाच पाट्यावर वाटलेल्या दोगी."

आणि मग वाडी आली. संगमावर आंघोळ झाली, पादुकांचं दर्शन झालं, प्रसाद झाला. माझ्या मनात होतं, नवस फिटला. आता परत जाताना तुम्ही म्हणणार, घोंगडी काढ, गोधडी नदीत सोड. मी काय उत्तर द्यायचं ते जुळवून ठेवलं होतं. तुम्ही घाटाच्या पायरीवर बसलात. आजूबाजूला तिथं असतात तशी माणसं होती, भूतबाधा उतरावी म्हणून घरच्यांनी आणून सोडलेली, उघड्या अंगानं थंडीत बसलेली. तुम्ही तुमची वळकटी सोडलीत आणि घोंगडी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकलीत. मग माझ्याकडं हात केलात. मी दिली. ती दुसऱ्या एकाला गेली. मी म्हणाले, हे काय? तुम्ही माझ्याकडं बघून, अगदी चुलीपाशी पोळी करपल्यावर बोलायचात त्या आवाजात, म्हणालात, "देवाला सोडलेली वस्तू परत घ्यायची नसते. सोडलीस ना तू घोंगडी? आता जन्मभर तिला हात लावायचा नाही. कुणी कितीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी." पाटलीणबाई घाबरून म्हणाल्या, "आक्का, मंग म्या बी वाकळ कायमची सोडली का काय? न्हाई बा. माजा नवस वाडीपातूर हुता." तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमचा वाडीपर्यंतच होता. हिचा आणि माझा वेगळा." नवस तुम्हीच बोलला होतात, आत्या. मी तिथं हजर होते. जन्मभर असं तुम्ही दत्तापुढं कधीच म्हणाला नव्हतात.

शिरोळ रोडला आगगाडीत बसून आपण घरी आलो. त्या संध्याकाळी तुम्ही माझी जागा स्वतः झाडून काढलीत आणि गोधडी मी पसरत असताना पाठ करून उभ्या राहिलात. आळीतली एक बाई बोलायला आली, की पोर मऊ अंथरुणावर निजते हे बरं दिसत नाही. तुम्ही तिला असं फैलावर घेतलंत की ती ओट्यावरूनच परत गेली. "नवसाला सोडलंय तिनं. मोडायला सांगता? पाप कुणाच्या माथी?" तुमच्या नियमांची मला आयुष्यभर चीड आली, पण त्या दिवशी एक नियम माझ्या बाजूनं लाठी घेऊन उभा राहिला. आणि तुम्ही त्याच खोलीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, नुसत्या जमिनीवर झोपलात. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही. सोडलेली वस्तू परत घ्यायची नसते, आणि दुसरं काही तुम्ही घेत नव्हतात. एकदा मी गोधडीचा अर्धा भाग तुमच्याकडं सरकवला. तुम्ही तो माझ्याकडं परत सारलात. म्हणालात, "तुझी लुगडी तू ठेवलीस. माझी वाटली." राग नव्हता त्या बोलण्यात. पण ते ऐकल्यावर मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग मी मिरजेला नर्सिंग शिकायला गेले. तेव्हाही तुम्ही आकांत केलात, कुणाकुणाची अंथरुणं उचलणार म्हणून. उचलली. जन्मभर तेच केलं. हजारो गाद्या घातल्या, चादरी ताणून कोपरे दुमडले, कुणाच्या पाठीला वळी टोचू नये म्हणून तळहातानं पलंग चाचपला. विधवा, सवाष्ण, सोवळी, ओवळी, सगळ्यांना सारखी गादी. माझ्या वॉर्डात लाल आलवणातली एखादी बाई आली आणि खाली झोपते म्हणाली, तर मी तिला दटावून पलंगावर चढवायची. किती जणींशी भांडले, आणि प्रत्येक वेळी तुमच्याशी भांडत होते. तुमच्याशी मात्र जिंकले नाही. तुमचा निरोप आला तेव्हा मी मिरजेहून धावत आले. आपल्यात माणूस जायला टेकलं की त्याला अंथरुणावरून खाली घेतात. त्या दिवशी शेजारणी जमल्या आणि एकीनं दुसरीला म्हटलं, आता खाली घ्या. तुम्ही होतातच खाली.

तुम्ही ते माझ्यासाठी केलंत, की मला हरवायला केलंत, हे मला अजून ठरवता येत नाही. पाटलीणबाईंना मी पुढं एकदा विचारलं होतं. त्यांचा मुलगा लढाईतून सुखरूप परत आला होता, आणि त्या पुन्हा वाकळीवर निजत होत्या. त्या म्हणाल्या, "दोनी आसंल की. येकच कशाला पायजे?" त्यांचं बरोबर असेल. पण तुमचे आभार मी मानणार नाही, आत्या. मला गादी हवी होती, आणि तुम्हीही गादीवर असायला हव्या होतात. त्यातलं अर्धंच तुम्ही दिलंत. मला सोडवायला तुम्हाला देवाचा कायदा सापडला, स्वतःला सोडवायला त्यातलं एक कलम सापडू नये? इतक्या हुशार होतात तुम्ही. मनात आणलं असतंत तर सापडलं असतं.

आता तो डॉक्टर. मी त्याला हो म्हणून आले. गादी काढते म्हणाले, घोंगडी मागवून ठेवा म्हणाले, औषधाची चिठ्ठी घेतली आणि निघाले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही. गोधडीच्या घडीत ठेवावं असं मनात आलं होतं, पण ती आता फार विरली आहे, कागदाचा कोपरा लागून फाटायची. तेव्हा हे टेबलावरच राहील. एक तेवढं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. रात्री पाठ ठणकत होती, तरी मी गादीवर गोधडी पसरून झोपले, आणि आजही तशीच झोपणार आहे. डॉक्टरला वाटेल, म्हातारी हट्टी आहे. तसं नाही. आयुष्यात तुमचं मी एवढं एकच ऐकलं आहे.